गारवा देणारी भिंत, घात करणारी भिंत #थ्रेड

१/ चिपळूणहून कराडकडे निघाले की पोफळीनंतर कुंभार्ली घाट लागतो. घाटाखाली जांभ्या चिऱ्याची, उतरत्या कौलांची घरे. माथा ओलांडून पूर्वेस जसजसा पाऊस आटतो, तसतशी सपाट, मातीच्या छपरांची घरे दिसू लागतात. हा फरक केवळ रिवाजाचा नाही.

२/ कोकणात हवा दमट. रात्रीही पारा फारसा उतरत नाही. भिंतीने साठवलेली उष्णता टाकायला गार रात्रच नसते. म्हणून तेथील घराचा भर सावलीवर आणि वाऱ्यावर: उंच छप्पर, खोल पडवी, समोरासमोरची दारे.

३/ मराठवाड्यात उन्हाळा चाळिशी ओलांडतो, पण हवा कोरडी असल्याने रात्र निवते. माळवदाचे घर या फरकावरच बेतलेले आहे. दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब-तुळया, वर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. खिडक्या मोजक्या व लहान.

४/ जाड माती ऊन नुसते अडवत नाही, लांबवते. दुपारची धग आत पोहोचेपर्यंत कित्येक तास उलटतात. तोवर रात्र झालेली असते आणि माणसे माळवदावर निजायला गेलेली असतात. रात्रभर छत आकाशाकडे उष्णता टाकते. सकाळी घर पुन्हा गार.

५/ पण हेच वजन घातकही होते. गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे मातीवर माती चढत गेली. भिंतीचे दोन्ही पदर ओबडधोबड दगडांचे, मध्ये माती आणि बारीक दगडांची भर. दोन्ही पदरांना सांधणारे आरपार दगड बहुधा नसत.

६/ ३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनाची रात्र सरून पहाट होत होती. किल्लारीच्या भूकंपात ७,५०० हून अधिक माणसे गेली. बहुतेक जण आपल्याच घराच्या दगडमातीखाली. त्याआधी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, पोफळीच्या डोंगरापलीकडे कोयनानगरनेही दगडी भिंती कोसळताना पाहिल्या होत्या.

७/ किल्लारीनंतर काँक्रीटची नवी गावे वसली. भीती ओसरली, पण पातळ छताखाली उन्हाळा असह्य झाला. वास्तविक तिसरा मार्गही होता आणि काही जुन्या घरांत तो अवलंबिला गेला: छतावरची जादा माती उतरवणे, भिंतीत आरपार दगड बसवणे, भोवती पट्टा बांधणे.

८/ ‘पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ हे जितके अर्धवट, तितकेच ‘जुने ते धोक्याचे’ हेही. त्यांनी दरवर्षी येणाऱ्या उन्हाचा हिशेब अचूक मांडला. पिढ्यान्‌पिढ्या न येणाऱ्या भूकंपाचा राहून गेला. आज घर बांधताना आपल्याला दोन्ही हिशेब मांडावे लागतील.