केरनच्या डोंगरावरची कारकानो

मुलुंड लोकलमध्ये पबजी खेळणाऱ्यांना 'बोल्ट अ‍ॅक्शन' शिकवावं लागत नाही. एक गोळी झाडायची, बोल्ट मागे-पुढे ओढायचा, मग दुसरी. यातलीच एक रायफल मला मराठी माणसाच्या इतिहासात भेटली, तीही शत्रूच्या हातात: इटलीची कारकानो.

इटालियन लष्करानं ती १८९१ साली स्वीकारली. ६.५ मिलिमीटरच्या सहा गोळ्या धातूच्या क्लिपसकट आत दाबायच्या. शेवटची गोळी नळीत गेली की रिकामी क्लिप खालून गळून पडते. क्लिप संपल्या, तर खिसाभर गोळ्या असूनही एकेकच भरत बसायचं. आपल्या जवानांकडच्या .३०३ ली-एन्फिल्डमध्ये दहा गोळ्या मावायच्या.

मार्च १९४१. एरिट्रियातल्या केरनला मराठा लाईट इन्फन्ट्रीचे जवान उघड्या, खडकाळ चढणीवर होते, इटालियन माथ्यावर. तिथे सहा की दहा हा हिशेब फारसा उरत नाही. वरचा दगडाआड असतो, खालचा उघड्यावर. २७ मार्चला केरन पडलं.

युद्धानंतर या रायफली अमेरिकेत टपालानं, स्वस्तात विकल्या गेल्या. १९६३ मध्ये दुर्बिणीसकट १९.९५ डॉलरला घेतलेल्या एकीनं, वॉरन आयोगाच्या निष्कर्षानुसार, केनेडींचा जीव घेतला. तेव्हापासून 'टुकार बंदूक' म्हणून तिची थट्टा होते. मला ती पटत नाही. त्याच टुकार बंदुकीसमोर आपल्याकडची पोरं डोंगर चढली होती, आणि सगळी परतली नाहीत.