‘ऊस’ दीर्घ, ‘उसाचा’ ऱ्हस्व : अहवाल छापण्यापूर्वीचे वाचन

सहकारी संस्थांचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार पुढील सहा महिन्यांत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. मुळा सहकारी साखर कारखान्याच्या सोनई (ता. नेवासा) परिसरात त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबर हे अहवाल छपाईचे दिवस. कारखाना असो, पतसंस्था असो वा सेवा सोसायटी. सभासद हा अहवाल ओळीवर बोट ठेवून वाचतो.

यात सर्वांत महाग पडते ती अंकातील चूक. उसाचा रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) केंद्र सरकार क्विंटलवर ठरवते. शेतकऱ्याचा हिशेब मात्र टनावर चालतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजेच तोडणी-वाहतूक वजा होण्यापूर्वी टनाला ३,५५० रुपये, असा दर जाहीर झाला. त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्यास टनामागे ३४ रुपये ६० पैसे वाढतात. टंकलेखनात १०.२५ चे १०.५२ झाले, तर वाक्य शुद्धच राहते, संगणकाचा शुद्धलेखन तपासनीसही गप्प बसतो आणि भर सभेत वाद उभा राहतो. जुन्या छापखान्यांत एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची व दुसऱ्याने मुद्रितावर नजर ठेवायची, अशी रीत होती. आकड्यांसाठी आजही तिला पर्याय नाही.

संपादन आणि मुद्रितशोधन एकाच वाचनात उरकू नये. आधी आशय पाहावा. ‘सदर प्रकरणी आवश्यक ती कार्यवाही करण्यात येईल’ या वाक्यात कोण, काय आणि केव्हा करणार, यांपैकी काहीच कळत नाही. ‘कर्ज विभाग थकबाकीदारांना ३० जूनपूर्वी नोटीस देईल’ असे लिहिले की जबाबदारी ठरते. कदाचित म्हणूनच ते लिहिले जात नाही. मात्र संपादकाने पदरचे काही घालू नये. याच तालुक्यातील नेवासे येथे सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीची प्रत संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) शुद्ध केली, तेव्हा त्यात कोणी आपली ओवी मिसळू नये, असे त्यांनी बजावून ठेवले होते.

शुद्धलेखन त्यानंतर. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले. १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. त्यांतील एक तर साखर कारखान्यासाठीच केला असावा असे वाटते. अकारान्त मराठी शब्दातील उपान्त्य इकार-उकार दीर्घ, पण सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो. म्हणून ‘ऊस’, पण ‘उसाचा’. ‘मंजूर’-‘मंजुरी’, ‘वसूल’-‘वसुली’ या जोड्याही अहवालात पदोपदी येतात. शंका आल्यास अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ किंवा यास्मिन शेख यांचा ‘मराठी शब्दलेखनकोश’ हाताशी असावा.

संगणकाने काही नव्या चुकाही आणल्या आहेत. श्री-लिपीतील जुना मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जातो. दुसरा धोका ‘शोधा आणि बदला’ या सोयीचा. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाल्यावर पत्रशीर्ष व पत्ते बदलणे योग्यच. पण एका कळीने सारा अहवाल बदलला, तर जुन्या ठरावांच्या उताऱ्यांतील शब्दही बदलतात. ठरावाचा उतारा मूळ नोंदवहीबरहुकूमच छापावा लागतो. ज्या संस्थेच्या नोंदणीकृत नावात ‘अहमदनगर’ आहे, तिचे नावही रीतसर दुरुस्ती होईपर्यंत तसेच ठेवावे लागते.