जुन्या गाडीचा ऑइल प्लग : इंची का मिली?

आमच्या पुणतांब्याच्या ऊस पट्ट्यात जुन्या गाड्यांच्या गिअर बॉक्सचे, डिफ्रेन्शलचे प्लग कोपरे झिजून गोल झालेले मी लई बघितले. त्याचं कारण इतिहासात सापडतं.

1949 पासून महिंद्रानं मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. गाडी अमेरिकेची, मापं इंची. 1954 ला टाटानं जर्मनीच्या डेमलर-बेंझबरोबर जमशेदपुरात ट्रक सुरू केले, ते मिलीमीटरचे. 1963 ला महिंद्रा आणि इंटरनॅशनल हार्वेस्टरची ट्रॅक्टर कंपनी निघाली, पुन्हा इंची. मेट्रिकचा कायदा 1956 चा, पण मिस्त्रीच्या तोंडी सूतच राहिलं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

सहा सूत म्हणजे 19.05 मिली, तिथं 19 चा पाना चालून जातो. पण चार सूत म्हणजे 12.7. त्यावर 13 चा पाना ढिला बसतो अन् कोपरे खातो.

म्हणून आधी प्लग तारेच्या ब्रशनं साफ करा. बाहेरून सहा कोन असतील तर सहा कोनांचीच गोटी लावा. स्क्रू पाना, पाईप पाना, छिन्नी नको. आत सहा कोनी खाच असेल तर मापाची अ‍ॅलन की. आत चौकोन असेल तर अर्धा इंची दांड्याचं टोक बसतं का बघा.

अन् ऑइल भरायचा वरचा प्लग आधी ढिला करा, मगच खालचा खोला. वरचा निघालाच नाही तर ऑइल सांडलेलं, गाडी उभी अन् तोडलेला ऊस फडात वाळतोय.