जुन्या इंग्लिश पोर्सिलेनवरचं फूल हाताने रंगवलंय की छापलंय? कसं ओळखायचं?

पांढरी बशी, मधोमध टपोरा गुलाब आणि कडेला सोनेरी पट्टी. ऑनलाइन लिलावात अशी बशी 'दोनशे वर्षं जुनी' म्हणून विकायला येते. पण बोली लावण्याआधी या गोष्टी माहीत हव्यात.

सगळ्यात गाजलेला चित्रकार कोण?

विल्यम बिलिंग्जली (१७५८-१८२८). १७७४ मध्ये तो इंग्लंडमधल्या डर्बीच्या पोर्सिलेन कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला. पाकळीचा उजळ भाग कोरा सोडण्याऐवजी तो आधी पूर्ण पाकळी रंगवायचा आणि मग जवळपास कोरड्या ब्रशने हवा तिथला रंग टिपून घ्यायचा. त्यामुळे त्याचे गुलाब मऊ आणि खरेखुरे वाटतात.

पुढे १८१३ मध्ये त्याने वेल्समधल्या नँटगारू गावात कारखाना काढला. तिथलं पोर्सिलेन इतकं नितळ होतं की त्यातून उजेड आरपार दिसायचा. पण भट्टीत बहुतेक भांडी वाकायची, तडकायची. पैसे संपले आणि १८२० मध्ये तो कोलपोर्टला निघून गेला. त्या वेळी तोट्यात गेलेल्या या बशा आज संग्राहक शोधत फिरतात.

मग 'बिलिंग्जलीचा गुलाब' म्हटलं की विश्वास ठेवायचा?

लगेच नाही. त्या काळी कारखान्यातले चित्रकार सहसा सही करत नसत. शिवाय त्याची पद्धत इतरांनीही उचलली. त्यामुळे असे बरेच दावे शैलीवरून बांधलेले अंदाज असतात.

घेण्याआधी काय तपासायचं?

• भिंग: बारीक ठिपके किंवा एकसारख्या रेषा दिसल्या तर चित्र छापील. हाताने रंगवलेली दोन फुलं कधीच तंतोतंत सारखी नसतात. काही वेळा बाह्यरेषा छापून रंग मात्र हाताने भरलेला असतो.

• तळाचा शिक्का: 'इंग्लंड' असं लिहिलेलं भांडं साधारणपणे १८९१ नंतरचं असतं, कारण त्या वर्षापासून अमेरिकेत पाठवायच्या मालावर देशाचं नाव टाकणं बंधनकारक झालं. पण नुसत्या शिक्क्यावर भिस्त नको. पॅरिसच्या सॅमसन कंपनीने जुन्या इंग्लिश भांड्यांच्या भरपूर नकला केल्या आणि काहींवर मूळ शिक्क्यांसारखे शिक्केही मारले.

• अतिनील टॉर्च: अंधारात प्रकाश टाकला की डागडुजी केलेला भाग अनेकदा वेगळा चमकतो. दुरुस्ती असेल तर किंमत बरीच उतरते.

त्यात जेवता येईल का?

टाळलेलंच बरं. चकाकीवर रंगवलेल्या जुन्या रंगांत शिसं असू शकतं. डिशवॉशरही नको, कारण त्यात सोनेरी काम आणि रंग दोन्ही झिजतात. कोमट पाणी, मऊ कापड आणि काचेचं कपाट एवढं पुरे.