बेकारीचें पुस्तक : इंग्लंडांतील बेकार-विम्याचे कागद व खऱ्याखोट्याची पारख

(१)

मोंगल लष्करांतील ‘दाग व चेहरा’ ही पद्धति या त्रैमासिकाच्या वाचकांस अपरिचित नाहीं. घोड्यास डाग द्यावा, शिपायाच्या रूपाचें वर्णन लिहून ठेवावें, आणि जो हजर नाहीं तो हजर दाखवून पगार उपटण्याच्या लबाडीस आळा घालावा, हा तिचा हेतु. विसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांतील कारभाऱ्यांपुढें मात्र नेमका उलट प्रश्न उभा राहिला. जो कामावर आहे त्यानें ‘मी रिकामा आहें’ असें सांगून मदतीचे पैसे नेऊं नयेत, यासाठीं कोणता कागद करावा? हजेरी सिद्ध करणें तुलनेनें सोपें; मनुष्य समोर उभा असतो. काम नाहीं हें सिद्ध करणें अवघड. कारण जें नाहीं त्याची नोंद कोठें सांपडणार?

या प्रश्नास जें उत्तर शोधलें गेलें तें एका लहानशा पुस्तकाच्या रूपानें. त्यास ‘अनएम्प्लॉयमेंट बुक’ म्हणजे बेकारीचें पुस्तक असें म्हणत. प्रस्तुत लेखांत त्याचा वृत्तांत देण्याचा विचार आहे. सरकारनें कामगारास त्याच्या कृतीविषयीं विचारिलें तोंपर्यंत कागदानें खऱ्याखोट्याचा निवाडा बऱ्यापैकीं केला. त्याच्या मनाविषयीं विचारूं लागतांच कागद लंगडा पडला, आणि त्याची झळ लबाडांपेक्षां सच्च्या माणसांस अधिक लागली, असें आमचें मत आहे.

(२)

कायदा होण्यापूर्वीं बेकारीची जोखीम इंग्लंडांतील कामगार-संघ आपल्यापुरती उचलीत. १८५१ सालीं स्थापन झालेला ‘अमॅल्गमेटेड सोसायटी ऑफ एंजिनिअर्स’ हा यंत्रकामगारांचा संघ यांपैकीं प्रमुख होय. अशा संघांच्या शाखांतून बेकार सभासदांची एक वही असे. रिकाम्या सभासदानें तींत सही करावी व संघाकडून ठराविक मदत घ्यावी, असा प्रघात होता. शाखेंतील मंडळी एकाच धंद्याची व एकमेकांच्या ओळखीचीं. कोण कोठें कामास जातो हें कारखान्याच्या दारांतच कळे. शिवाय पैसा सर्वांच्या वर्गणीचा. तेव्हां खोटी सही करणारा परक्या खजिन्यास नव्हे, तर शेजारच्या बाकावरील सोबत्यास बुडवीत असे. पारख करणारा कागद नसून परिचय होता.

परिचयाची ही मर्यादा ओलांडून सार्वजनिक विमा करूं पाहणाऱ्यांस प्रथम ठेंच लागली ती स्वित्झर्लंडांत. सेंट गॅलन शहरानें १८९५ सालीं सक्तीचा बेकार-विमा सुरू केला व १८९७ सालीं तो बंद पडला. ज्यांस कायमचें काम होतें त्यांस आपली वर्गणी हंगामी कामगारांच्या पदरांत पडते असें वाटूं लागलें, आणि देखरेखही ढिली होती. लोकांचा विश्वास उडाला कीं विमा टिकत नाहीं, हा धडा त्या प्रयोगानें दिला.

(३)

इंग्लंडांत १९०९ सालच्या कायद्यानें ‘लेबर एक्स्चेंज’ म्हणजे रोजगार-कचेऱ्या निर्माण झाल्या व १ फेब्रुवारी १९१० रोजीं त्यांपैकीं पहिल्या उघडल्या. त्या वेळीं व्यापारखात्याचे प्रमुख विन्स्टन चर्चिल हे असून कचेऱ्यांची मांडणी विल्यम बेव्हरिज यांजकडे होती. कचेऱ्या आधीं व विमा मागून, हा क्रम हेतुपूर्वक होता. मनुष्यास काम मिळत नाहीं हें त्यास काम देऊं करूनच तपासतां येतें, आणि काम देऊं करण्यास अगोदर कचेरी हवी.

त्यानंतर १९११ सालीं राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला. त्याच्या दुसऱ्या भागानें इमारती, जहाजबांधणी, यंत्रकाम इत्यादि सात धंद्यांतील सुमारे २२॥ लाख कामगारांस बेकार-विमा सक्तीचा केला. १५ जुलै १९१२ पासून वर्गणी व जानेवारी १९१३ पासून मदत सुरू झाली. कामगारानें आठवड्यास २॥ पेन्स, धन्यानें तितकेच, आणि या दोहोंच्या बेरजेचा तिसरा हिस्सा सरकारनें घालावा. मदत आठवड्यास ७ शिलिंग; बेकारीचा पहिला आठवडा मदतीवांचून; बारा महिन्यांत फार तर १५ आठवडे; आणि पांच वर्गण्यांमागें एक आठवडा, असें प्रमाण होतें.

आतां पुस्तकाची रीत पाहूं. कामगारास तें रोजगार-कचेरींतून मिळे. कामावर लागतांना त्यानें तें धन्याच्या स्वाधीन करावयाचें. धन्यानें दर आठवड्यास ५ पेन्सांचें तिकीट चिकटवून त्यावर तारीख घालावयाची, म्हणजे तें पुन्हा वापरतां येऊं नये. कामगाराचा हिस्सा मजुरींतून कापून घ्यावयाचा. काम सुटलें कीं पुस्तक कामगाराच्या हातीं परत. त्यानें तें कचेरींत नेऊन ठेवावयाचें, आणि बेकार असेपर्यंत कामाच्या वेळांत तेथें जाऊन सही करावयाची. नवें काम लागलें कीं पुस्तक मागून घेऊन नव्या धन्यास द्यावयाचें.

या रीतीचें मर्म साधें आहे. पुस्तक एक, आणि त्यास हक्काच्या जागा दोन. तें धन्यापाशीं असेल तर मनुष्य कामावर आहे. कचेरींत असेल तर रिकामा आहे. एकाच वेळीं तें दोन्ही ठिकाणीं असूं शकत नाहीं. सहीची वेळही कामाच्या तासांत असल्यामुळें कारखान्यांत उभा असलेला मनुष्य कचेरीच्या रांगेंत उभा राहूं शकत नसे. मनुष्याची साक्ष न घेतां वस्तूच्या जागेवरून निर्णय करण्याची ही युक्ति ‘दाग व चेहरा’ या पद्धतीच्या जातीचीच होय.

(४)

तरीहि फटी राहिल्या होत्या, आणि त्या तीन प्रकारच्या होत्या.

पहिली फट धन्याच्या बाजूची. मजुरींतून वर्गणी कापावी व तिकीट लावूं नये, ही लबाडी कामगारास काम सुटून पुस्तक हातीं येईपर्यंत सहसा कळत नसे. आणि जेव्हां कळे तेव्हां त्यास मदतीची सर्वांत अधिक गरज असे. याकरितां तिकीट न लावणें हा धन्याचा गुन्हा ठरविण्यांत आला. दुसरी फट बाजाराची. ज्या कागदास पैशाची किंमत येते त्याची विक्री सुरू होते, हें संग्राहकांस सांगावयास नको. म्हणून पुस्तक विकणें, विकत घेणें, गहाण टाकणें, तसेंच वापरलेल्या तिकिटांचा व्यवहार करणें, यांस कायद्यानें बंदी केली.

तिसरी फट सर्वांत अरुंद व सर्वांत नाजुक. विमा सातच धंद्यांस लागूं होता. बेकार सुतारानें चार दिवस बाजारांत ओझीं वाहिलीं तर तेथें त्याचें पुस्तक कोणी मागत नसे. येथें कागद मुका होता. कामगारानेंच बोलावयास पाहिजे होतें. यासाठीं कायद्यानें एक रेघ आंखून दिली. विमा लागूं असलेल्या धंद्यांत मजुरी घेणारा मनुष्य बेकार नव्हेच; इतर कामापासून मदतीहून अधिक प्राप्ति होत असेल तर तोहि बेकार नव्हे. पुढील कायद्यांनीं हीच रेघ अधिक स्पष्ट केली. नेहमींच्या कामाच्या तासांबाहेर, मूळ धंदा संभाळून करतां येण्याजोगें जोडकाम असेल व त्याची प्राप्ति दिवसास ३ शिलिंग ४ पेन्सांच्या वर जात नसेल, तर मदत चालूं राही. त्यावर गेली कीं त्या दिवसापुरता तो मनुष्य बेकार नव्हे. जाणून खोटें सांगणाऱ्यास तुरुंगवासाची शिक्षा होती.

या नियमाची एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. तो कामगारास सचोटीचें प्रमाणपत्र मागत नाहीं. अमुक दिवशीं काम केलें कीं नाहीं, किती तास केलें, आणि काय मिळालें, एवढेंच विचारतो. या प्रश्नाचें उत्तर ज्यास प्रामाणिक राहावयाचें आहे त्यास नेमकें देतां येतें, आणि ज्यानें खोटें दिलें त्याचें खोटें धन्याच्या हजेरीवरून उघडकीस आणतां येतें. लहानसें काम लपविण्यापेक्षां सांगणेंच हिताचें, असें कामगारास वाटावें, इतकी ही रीत सरळ होती.

(५)

१९२० सालीं विमा सव्वा कोटीच्या आसपास कामगारांस लागूं झाला, आणि लगेच मंदी आली. पुस्तकांत पुरेशीं तिकिटें नाहींत अशा लाखों लोकांस मदत देणें भाग पडलें. वर्गणीचा हिशेब सुटला तेव्हां त्याच्या जागीं दुसरी कसोटी आणली गेली. मार्च १९२१ पासून, वर्गणीच्या हक्काबाहेरील मदत मागणाऱ्यानें आपण ‘खरोखर’ काम शोधीत आहों असें सिद्ध करावें, असा नियम झाला. १९२४ सालीं तोच सर्व मदतीस लावण्यांत आला.

येथें प्रश्नाचा मोहरा फिरला. पूर्वीं ‘तूं काल काम केलेंस काय?’ असें विचारीत. आतां ‘तूं काल काम शोधलेंस काय, आणि मनापासून शोधलेंस काय?’ असें विचारूं लागले. १९२६ सालीं विम्याच्या सर्वोच्च पंचानें तर अर्जदाराची मनःस्थिति हीच मुख्य बाब असल्याचा निर्णय दिला. समितीपुढें कामगारास काल कोठें गेला होतास, परवा कोठें गेला होतास, असें विचारण्यांत येई. ज्या गांवीं एकुलती एक गिरणी बंद पडली होती तेथेंहि दारोदार हिंडून नकार गोळा करणें हें पोट भरण्याचें साधन होऊन बसलें.

परिणाम उलटा झाला. ज्यास लपवाछपवी करावयाची त्यास कारखान्यांच्या नांवांची यादी तोंडपाठ करणें कठीण नव्हतें. उलट जो साधा मनुष्य काम नाहीं हें पक्कें ठाऊक असल्यामुळें हिंडला नाहीं, व तसें खरें सांगता झाला, तो अपात्र ठरला. १९२१ ते १९३० या काळांत या एका कारणावरून तीस लाखांच्या जवळपास मागण्या नाकारल्या गेल्या. १९३० सालीं, मार्गारेट बॉन्डफील्ड या श्रममंत्री असतां, हा नियम काढून टाकण्यांत आला व सिद्ध करण्याचा भार कचेरीकडे आला : योग्य काम देऊं केलें असतां त्यानें नाकारलें, हें दाखवावें व मगच मदत थांबवावी. म्हणजे निर्णय पुन्हा कृतीवर आला.

या सुधारणेनें सर्व भागलें असें मात्र नव्हे. हंगामी कामगार व विवाहित स्त्रिया यांच्या मागण्यांविषयीं ओरड झाली, आणि १९३१ सालच्या कायद्यानें विशेषतः विवाहित स्त्रियांची मदत मोठ्या प्रमाणांत बंद केली. त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत दीर्घकाळ बेकार असलेल्यांच्या घरांतील सर्वांच्या मिळकतीची चौकशी सुरू झाली. मुलाची मजुरी बापाच्या मदतींतून वजा होऊं लागली. चौकशी कचेरींतून घरांत शिरली, आणि तिच्यामागोमाग शेजाऱ्यांच्या चुगल्याहि आल्या. जॉर्ज ऑरवेल यांनीं १९३७ सालच्या आपल्या विगनविषयक ग्रंथांत एक हकीकत नमूद केली आहे. शेजारी परगांवीं गेला असतां एका बेकारानें त्याच्या कोंबड्यांस दाणे घातले. त्यास कोंबड्या राखण्याची नोकरी असल्याची खबर अधिकाऱ्यांस पोंचली, आणि ती खोटी ठरवितांना त्या मनुष्याची पुरेवाट झाली. शेजारधर्म आणि रोजगार यांतील भेद सांगण्यास त्याच्यापाशीं कोणताच कागद नव्हता. घरादाराची ही चौकशी १९४१ सालच्या कायद्यानें संपली.

(६)

आपल्याकडे १९३१ सालीं हिंदुस्थानांतील मजुरांविषयींच्या शाही कमिशननें राष्ट्रव्यापी बेकार-विमा व्यवहार्य नाहीं असा अभिप्राय दिला. पुढें महाराष्ट्रानें निराळा मार्ग धरला. वि. स. पागे यांच्या पुरस्कारानें रोजगार हमी योजना आली. तिचा कायदा १९७७ सालीं होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. मजुरानें कामाची मागणी लेखी नोंदवावी. पंधरा दिवसांत काम न दिल्यास सरकारनें त्यास बेकारीभत्ता द्यावा. येथें मजुराचें मन पाहिलें जात नाहीं. कष्टाच्या कामाची त्यानें केलेली मागणी हाच त्याच्या बेकारीचा पुरावा, आणि मागणीच्या तारखेची पोंच हेंच त्याचें बेकारीचें पुस्तक. ती पोंच हातीं न घेतां परत फिरणारा मजूर आपला हक्क घालवून बसतो. लबाडीचा धोका येथें जुन्या बाजूस, म्हणजे हजेरीपटाकडे वळतो, आणि ‘दाग व चेहरा’ यांची आठवण पुन्हा होते.

इंग्लंडांत तिकिटें लावण्याची पद्धत कामगारांपुरती १९७५ सालीं बंद झाली. तीं पुस्तकें हातीं आलीं तर संग्राहकांनीं तीं क्षुल्लक म्हणून टाकूं नयेत. तारखांनीं रद्द केलेल्या तिकिटांच्या ओळींत कोणत्या आठवड्यास काम होतें तें दिसतेंच, पण मधल्या रिकाम्या घरांत त्या कुटुंबाचे उपासाचे आठवडेहि दिसतात. तसेंच आपल्याकडील हजेरीपट व मागणीच्या पोंचा यांसहि दफ्तरांत जागा मिळावी. राजेरजवाड्यांच्या सनदा जपणारे हात पुष्कळ आहेत. एका मजुरानें अमुक दिवशीं काम केलें, आणि अमुक दिवशीं मागूनहि मिळालें नाहीं, एवढेंच सांगणारा कागद जपणारे थोडे. त्या मजुराच्या सचोटीचा पुरावा म्हणून मात्र पुष्कळदां तेवढाच एक कागद असतो.