बल्लारपूरची कागदगिरणी व आमचीं दप्तरें

चौल-रेवदंड्याकडे जुन्या घरांतील दप्तरें चाळतांना एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. समुद्राची खारी, दमट हवा दोनशे वर्षें सोसलेलें पत्र उलगडलें तर वांकतें, पण मोडत नाहीं. त्याच पेटींतील साठ-सत्तर वर्षांपूर्वींचें छापील पुस्तक मात्र हातीं घेतांच कोपऱ्यांत तुटतें. आम्ही संग्राहक याचा दोष गिरणीच्या बांबूला देतों. प्रस्तुत लेखकही तेंच म्हणत असे. तेव्हां बांबूचें रान व कागदाची गिरणी जेथें शेजारीं नांदतात, तें बल्लारपूर एकदां पाहून यावें, असें ठरविलें.

चंद्रपुराच्या दक्षिणेस सुमारें १५ किलोमीटरांवर, वर्धा नदीच्या कांठीं हें लहानसें नगर आहे. भोंवतीं सागाचें व बांबूचें रान. चंद्रपुराच्या उत्तरेस ताडोब्याचें व्याघ्रवन. खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजाचा किल्ला नदीवर उभा आहे. त्यानेंच पुढें राजधानी चंद्रपुरास नेली, अशी परंपरा सांगतात. नगराचें आजचें रूप मात्र कोळसा, लोहमार्ग आणि १९४५ सालीं स्थापिलेली गिरणी यांनीं घडविलें.

बांबूचे तुकडे कॉस्टिक सोडा व सोडियम सल्फाइड यांच्या द्रावांत दाबाखालीं शिजविले म्हणजे तंतूंना सांधणारें लिग्निन बहुतांशीं निघून जातें. उरणारा तंतु कांहीं दुबळा नसतो. मग दोष कोणाचा? राळ व तुरटी यांच्या खळीचा. शाई फुटूं नये म्हणून ही खळ देण्याची युक्ति इलिग या जर्मन गृहस्थानें १८०७ सालीं प्रसिद्ध केली व ती जगभर पसरली. तुरटीचें आम्ल कागदांत राहतें आणि दमट हवेंत तंतु तोडीत जातें. आमच्या किनाऱ्यावर हें काम अधिकच त्वरेनें होतें. उलट जुन्नर व दौलताबाद येथील कागदी चिंध्यांचा लगदा चुन्यांत मुरवीत, कागदास पिठाची खळ देत व तो दगडानें घोटीत. आम्लाला मारणारा चुना त्यांच्या कागदांतच होता! काजळाची शाईही कागद खात नसे. अलीकडे पुष्कळ गिरण्यांनीं तुरटी सोडून खडूच्या भुकटीचा मार्ग धरला आहे, हेंही नमूद करणें न्याय्य होय.

हें सर्व मीं फार उशिरा शिकलों. चाळीस वर्षांपूर्वीं एका घराण्याचीं पत्रें मीं शाळेच्या स्वस्त वह्यांत उतरून घेतलीं. पुढें तें घर पडलें, मूळ पत्रें पांगलीं. आज त्या वह्यांचीं पानें कडेपासून गळत आहेत, आणि त्या मजकुराची दुसरी प्रत नाहीं. परत आल्यावर हातकागद आणून नकलेची नक्कल आरंभिली आहे. चौदांपैकीं पांच वह्या झाल्या. सहाव्या वहींतील दोन पत्रांच्या तिथी आतांच वाचतां येत नाहींत.