पन्नास रुपयांची पुंजी, मुलांचे हक्क : ‘क्राय’ची वाटचाल

१९७९ हे वर्ष जगभर आंतरराष्ट्रीय बालवर्ष म्हणून साजरे झाले. त्याच वर्षी मुंबईत विमानसेवेत पर्सर असलेल्या रिप्पन कपूर या पंचविशीतल्या तरुणाने सहा मित्रांना सोबत घेऊन वंचित मुलांसाठी संस्था स्थापन केली. पुंजी होती ५० रुपयांची आणि बैठकीची जागा होती रिप्पन यांच्या आईचे जेवणाचे टेबल. संस्थेचे नाव ठरले ‘चाइल्ड रिलीफ अँड यू’, अर्थात ‘क्राय’.

संस्थेने वेगळी वाट निवडली. स्वतः शाळा किंवा वसतिगृहे काढण्याऐवजी वस्त्यांत आणि खेड्यांत आधीच काम करणाऱ्या छोट्या संस्थांना बळ द्यायचे आणि त्यांच्यासाठी शहरातल्या सामान्य माणसाकडून पैसा उभा करायचा, असे तिने ठरवले.

या कामी सर्वांत उपयोगी पडली शुभेच्छापत्रे. दिवाळी, नाताळ आणि नववर्षाला धाडायच्या कार्डाच्या पाठीवर ‘क्राय’चे नाव छापलेले असे. घेणाऱ्याला एरवीही कार्ड घ्यायचेच असायचे. त्यातूनच एखाद्या अनोळखी मुलाच्या शिक्षणाला हातभार लागे. चित्रकारांनी चित्रे दिली, स्वयंसेवकांनी वेळ दिला आणि हजारो घरांत संस्थेचे नाव पोहोचले.

१९९४ मध्ये, वयाच्या अवघ्या चाळिशीत, रिप्पन कपूर यांचे निधन झाले. संस्थेवरचा हा मोठाच आघात होता. पण सहकाऱ्यांनी काम थांबू दिले नाही.

दरम्यान अनुभवातून विचारही बदलत होता. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी थांबणाऱ्या मुलीला नुसती वही-पेन्सिल देऊन ती शाळेत जात नाही. त्यासाठी वस्तीत अंगणवाडी सुरू व्हावी लागते, आईला पुरेशी मजुरी मिळावी लागते, शाळा जवळ असावी लागते. म्हणजे प्रश्न मदतीचा नव्हे, हक्काचा होता. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेवर भारताने १९९२ मध्ये मान्यतेची मोहोर उमटवली होती. मदतीकडून हक्काकडे झालेला हा प्रवास २००६ मध्ये नावातही उतरला : ‘रिलीफ’च्या जागी ‘राइट्स’ आले.

शिक्षण हा मूलभूत हक्क व्हावा, यासाठी देशभरातील संघटनांनी दिलेल्या लढ्यात ‘क्राय’चाही सहभाग होता. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने तो हक्क मान्य झाला आणि १ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वयोगटासाठी कायदा लागू झाला. सहा वर्षांखालील आणि चौदा वर्षांवरील मुले मात्र त्याबाहेर राहिली. त्यांच्यासाठी संस्थेचा आग्रह कायम आहे. २०१६ च्या बालमजुरी कायद्यातील दुरुस्तीने कौटुंबिक व्यवसायात मुलांना काम करण्याची मुभा ठेवली, तेव्हाही संस्थेने आक्षेप नोंदवला.

मोबाइल आणि ईमेल आल्यावर शुभेच्छापत्रांची प्रथा ओसरली. निधीचे नवे मार्ग शोधावे लागले. कुणी दरमहा ठरावीक रक्कम देतो, कुणी पगारातून वाटा वळता करतो, कुणी मुंबई मॅरेथॉनमध्ये धावून परिचितांकडून देणग्या गोळा करतो. देणगीदाराला मिळू शकणारी करसवलतही उपयोगी पडते.

मुंबईत साने गुरुजी मार्गावरून या कामाची सूत्रे हलतात. मुलांवर जीव ओवाळून टाकणाऱ्या गुरुजींच्या नावाचा हा पत्ता संस्थेला शोभून दिसतो. नावातला मधला शब्द काळाने बदलला, पण शेवटचा ‘यू’, म्हणजे ‘तुम्ही’, जागचा हलला नाही. ५० रुपयांवर उभी राहिलेली ही संस्था आजही त्याच ‘तुम्ही’च्या भरवशावर चालते.